परतीचे लाल क्रेट

१

त्या मंगळवारी खंडाळ्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीआधीच लाइन बंद पडली, आणि चिंतामणरावांना मनातल्या मनात इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना खोकावं लागलं.

महिन्याभरात ही तिसरी खेप. दुचाकीचे शॉकअब्सॉर्बर जोडणारी लाइन, आणि अडलं कशावाचून? तर सांगलीहून येणाऱ्या अंगठ्याएवढ्या रबरी बुशावाचून. रोज सकाळी टेम्पो यायचा तसा आला होता. लाल क्रेटही आले होते, पण गरजेपेक्षा कमी. बाकीचे गेले कुठं, हे कुणालाच सांगता येईना. सई हातात मोबाइल घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. तिच्या कपाळावरचा घाम बघून चिंतामणरावांना उन्हाळ्यात ताक मिळाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला?

आता या माणसाचं दुखणं सांगायला हवं. चिंतामणराव म्हणजे कारखान्याचे जुने स्टोअर्सप्रमुख. त्यांचं गोदाम एवढं मोठं की नवा माणूस आत चुकायचा. पंधरा-पंधरा दिवसांचा माल छताला टेकलेला असायचा आणि किल्ल्यांचा जुडगा चिंतामणरावांच्या कमरेला. मग ही सई आली. तिशीचीही नसेल, पुण्यात शिकलेली. मालक शंभूराज यांना तिनं पटवून दिलं की गोदामात माल नाही, तुमचा पैसा झोपलाय. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल आणायचा. मोठे ट्रक बंद. एक टेम्पो रोज फेरी मारणार, सांगलीहून बुश, कराडहून स्प्रिंगा, साताऱ्याहून नटबोल्ट असं थोडं थोडं उचलत येणार. फेऱ्या वाढल्यामुळं भाडं वाढेल, पण एकाच गाडीत सगळ्यांचा माल बसल्यानं ते विभागलं जाईल, आणि गोदामाचा खर्च तर वाचेलच.

आठ महिन्यांत गोदाम रिकामं झालं. किल्ल्या कमरेला राहिल्या, पण उघडायला काही उरलं नाही. शंभूराज आल्यागेल्याला सांगायचे, "ही आमची सई." चिंतामणरावांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत "हे आमचे चिंतामणराव" असं कुणी म्हटलं नव्हतं. पोटात आगच पडायची. त्यांनी मिशांना कलप लावायला सुरुवात केली, कडक इस्त्रीचे शर्ट घालू लागले. त्या पोरीशेजारी उभं राहिल्यावर आपण भंगारात काढलेले दिसू नये, एवढाच हेतू.

दुपारी शंभूराजांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"लाइन थांबली की तातडीची गाडी मागवायची आणि तिप्पट भाडं मोजायचं. आठ महिन्यांची बचत एका महिन्यात गेली," ते सईला म्हणाले. "आता परत एकदा लाइन थांबली, की ही योजना बंद. आणि तुम्हीही दुसरीकडे बघा."

सईचा चेहरा उतरला. शंभूराज चिंतामणरावांकडे वळले.

"तसं झालं तर गोदाम परत तुमच्याकडे. पण मला आधी कळलं पाहिजे की माल जातो कुठं. शोध तुम्ही घ्यायचा."

"मी?"

"तिला सांभाळून घेण्यासाठी खोटं बोलणार नाही असा या कारखान्यात एकच माणूस आहे."

२

लोणंदच्या घरी पोचले तेव्हा ताटात श्रीखंड होतं.

"अरे वा! आज कसली खुशी?" पाटावर बसता बसता चिंतामणरावांनी विचारलं.

"काही नाही. मनात आलं," त्यांची बायको विनोदिनी म्हणाली. मागच्या दोन्ही वेळेला लाइन थांबली तेव्हाही घरी श्रीखंडच होतं. नशीब जोरावर असलं की सगळंच जुळून येतं, असं म्हणून त्यांनी पुरी मोडली आणि बोलायला तोंड उघडलं.

"सईची आज काय तंतरली होती म्हणून सांगू! सईचं तोंड एवढंसं झालं. सई म्हणते, सर, मला काही कळत नाहीये. म्हटलं, तुला कळत होतं कधी?"

विनोदिनी वाढत होती. योजना सुरू झाली तेव्हा याच ताटावर चिंतामणरावांनी तिला सगळी पद्धत वाट्या मांडून दाखवली होती. रिकामी वाटी पुढं सरकवायची, की तेवढंच वाढायचं. वेगळं मागायचं नाही, चिठ्ठी नाही, फोन नाही. कारखान्यातून सांगलीला रिकामा क्रेट गेला की तीच मागणी. "जेवण आहे का खेळ?" असं म्हणून ते तेव्हा खूप हसले होते.

"मालक म्हणाले, परत एकदा लाइन थांबली की सईला नारळ," चिंतामणराव बोटं चाटत म्हणाले.

विनोदिनीचा हात थबकला. "खरंच म्हणाले?"

"माझ्यादेखत!"

"झालं का सईपुराण? मग हात धुवा," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मागच्या अंगणात ओले क्रेट ठिबकत होते. बुशाला तेल असतं, क्रेट माखतात, म्हणून ते सांगलीला परत जाण्याआधी लोणंदच्या बायकांच्या बचत गटाकडे धुवायला येत. गटाची प्रमुख विनोदिनी. हे काम गटाला दिलं होतं सईनं. म्हणजे घरात चार पैसे आले तर त्यातही तिचाच उपकार. तेही चिंतामणरावांना सलायचं.

३

बुधवारी ते पहिल्यांदा इंद्रजितकडे गेले. त्याचे मोठे ट्रक पूर्वी सांगलीचा माल आणायचे. योजना आली आणि त्याचं काम गेलं. आता लाइन थांबली की तातडीची गाडी त्याचीच, तिप्पट भाड्यानं. संशय घ्यायला यापेक्षा सोयीचा माणूस कुठं मिळणार?

इंद्रजित लोणंदच्या कांदा मार्केटबाहेर टायरवर बसून चहा पीत होता.

"माझाच फायदा हाय, व्हय की," तो सरळ म्हणाला. "पन मोजून बगा की आवं. मूठभर बुशासाठी आख्खी गाडी सांगलीला पळवायची, आनि येताना-जाताना एकदा तरी रिकामीच. तिप्पट भाडं घिऊन बी हातात काय ऱ्हात न्हाई. मला रोजचा धंदा पायजे. तो गिळला त्या लियाकतनं."

"जळतोस त्याच्यावर?"

"जळू न्हाई तर काय करू? पन मी चोर न्हाई." इंद्रजितनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुमी येतानाचा माल बगताय. जातानाच्या गाडीत कोन बगतंय? रिकामी गाडी म्हंजे कुत्रं बी हुंगत न्हाई. आनि ऐका, तुमचा एक लाल क्रेट मी मार्केटात बघितलाय. लियाकतच्या मेव्हण्याच्या गाळ्यावर, कांद्यानं भरल्याला."

चिंतामणरावांचे कान टवकारले. लियाकत म्हणजे टेम्पोचा ड्रायव्हर. माणूस साधा, पण टेम्पो रोज त्याच्याच ताब्यात. तो चोर निघाला तर काय होईल? सईची योजना निर्दोष ठरेल. छे! तसं व्हायला नको होतं. आपण शोध घेतोय की देवाकडे निकाल मागतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

४

गुरुवारी सकाळच्या एसटीनं ते सांगलीला गेले. आसिफचा रबराचा कारखाना हळदीच्या मार्केटच्या मागच्या गल्लीत. वारा आला की सगळी गल्ली पिवळी व्हायची. आसिफनं खुर्ची पुसून दिली, पण चेहरा आखडलेलाच.

"माझ्यावर संशय घ्यायला आलाय का ओ?"

"माल कमी का येतो, ते विचारायला आलोय."

"माल कमी? आलेला एकबी क्रेट मी रिकामा ठेवलाय का विचारा!" आसिफ उसळला. "जितके रिकामे क्रेट येत्यात, तितके काठोकाठ भरतो. सोमवारी क्रेटच कमी आले, मी कमी भरले. दुसऱ्या दिवशी जास्त आले, जास्त भरले. मागच्या दोन वेळेलाबी तेच."

चिंतामणराव ताठ बसले. "दुसऱ्या दिवशी जास्त आले?"

"व्हय. चकचकीत धुतलेले, सुके ठणठणीत."

"मग फोन का नाही केला?"

आसिफनं त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "केला होता योजनेच्या पहिल्या आठवड्यात, जादा माल घालू का विचारायला. तुमीच उचलला. म्हणालात, जेवढे क्रेट तेवढाच माल, एक नग जास्त पाठवायचा न्हाई, सईबाईंची पद्धत हाय ती, भोगा."

भोगा! हो, म्हणाले होते. दातओठ खाऊन म्हणाले होते. चिंतामणरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आणि कांदा मार्केटातला लाल क्रेट?"

"तो तळाला तडकला होता. मीच लियाकतला म्हणालो, घिऊन जा, तुझ्या मेव्हण्याला हुईल."

बाहेर हळदीची पोती चढत होती. चिंतामणराव गल्लीत येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांचं डोकं नीट चाललं. भरलेला माल वाटेत कुणी चोरलाच नव्हता. अडत होते ते रिकामे क्रेट, परतीच्या वाटेवर. चोर चोरलेली वस्तू धुऊन, सुकवून दुसऱ्या दिवशी परत देत नाही. म्हणजे ही चोरी नव्हती. कुणीतरी मागणीच एक दिवस दाबून ठेवत होतं. आणि ते कुणीतरी पक्कं ओळखून होतं की बाकी कशानं नाही, या लाल क्रेटांनीच लाइन थांबते.

त्यांनी लियाकतला फोन लावला. तो त्या वेळी लोणंदला क्रेट चढवत होता.

"लियाकत, आज लाल क्रेट पुरे आहेत?"

"जेवढं ढीग लावून ठेवलं व्हतं तेवढं घेतलं, साहेब."

"रोजच्यापेक्षा कमी आहेत का? खरं सांग."

पलीकडे लियाकतनं इंजिन बंद केलं.

"लियाकत?"

"साहेब, तुमी घरी जावा," लियाकत म्हणाला. "माज्या तोंडानं न्हाई सांगता यायचं." आणि फोन कट झाला.

५

लोणंदला उतरले तेव्हा दिवेलागण होत होती. विनोदिनी देवापुढं निरांजन लावत होती. चिंतामणराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि माठाजवळच थांबले.

खिडकीच्या गजाला मलमलचं फडकं टांगलं होतं. पुरचुंडी घट्ट बांधलेली. खाली पातेल्यात पाणी ठिबकत होतं.

चक्का.

चक्का टांगायला आख्खी रात्र लागते. म्हणजे उद्या श्रीखंड. मागच्या तिन्ही वेळेला लाइन थांबली दुपारी आणि श्रीखंड तयार होतं त्याच संध्याकाळी. मग त्या चक्क्याचं दही आदल्या रात्रीच टांगलेलं असणार. उद्या लाइन थांबणार हे आदल्या रात्री कुणाला माहीत होतं?

चिंतामणरावांचे पाय आपोआप मागच्या अंगणात गेले. नळाच्या कोपऱ्यात ताडपत्री होती. ती उचलली. खाली लाल क्रेट, एकावर एक रचलेले, धुतलेले.

"सापडले का?" मागून विनोदिनी म्हणाली. आवाज थंड होता.

"तू? अगं, तू हे... कशासाठी?"

"उद्या तुमच्या सईबाईंचा शेवटचा दिवस आहे ना? तोंड गोड करायला नको?"

"माझ्या सईबाई?"

"मग कुणाच्या?" आणि आठ महिन्यांचं साठलेलं एकदम फुटलं. "सकाळी चहाला सई. रात्री ताटावर सई. सई हे म्हणाली, सईनं ते केलं, आज सईनं निळा ड्रेस घातला होता. मिशा काळ्या केल्यात, शर्टाला इस्त्री करून करून माझा हात भाजला. आणि मला गप्प करायला तिनं धुण्याचं काम दिलं! मला काय कळत नाही? बायका कुजबुजतात. मी रोज त्या सटवीचे क्रेट घासते आणि रोज तिचं नाव ऐकते."

चिंतामणरावांचा आ वासला. "अगं बाई, मी तिचा राग राग करतो! माझं गोदाम खाल्लं तिनं! मी जळतो तिच्यावर, जळतो!"

"माझ्यावर कधी जळलात का?" विनोदिनीचे डोळे भरून आले. "तिचं नाव दिवसातनं शंभरदा घेता. माझं शेवटचं कधी घेतलंत? लग्नात पंगतीला. तेही लोकांनी अडवलं म्हणून. त्यानंतर मी नुसती 'अगं'."

चिंतामणरावांनी वळून क्रेटांकडे बघितलं.

खिडकीतल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. चिंतामणरावांच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, पण आलं. आता काहीच करायचं नाही. ताडपत्री परत टाकायची. टेम्पो केव्हाच गेला. उद्या दुपारी लाइन थांबेल, सई जाईल, किल्ल्यांना कुलपं मिळतील, आणि बायकोचं नाव कधीच कुठं येणार नाही. आठ महिने याच दिवसाची वाट बघितली होती.

पण ही बाई पुढं आयुष्यभर धरून बसणार की तिनं एका सवतीला हाकललं. आणि जिला हाकललं, त्या पोरीला आपली नोकरी का गेली हेही कधी कळायचं नाही.

त्यांनी फोन काढला.

"आसिफ, उद्याच्या लाइनला पुरेल एवढा जादा माल लियाकतच्या गाडीत घाल."

"क्रेट कुठं हायेत? आणि तुमीच म्हणाला होता ना, एक नग जास्त..."

"म्हणालो होतो. चुकलो. पोत्यात भर. कुठलीही पोती घे."

विनोदिनी बघत होती. "तिला वाचवताय," ती म्हणाली.

"हो. आणि उद्या साहेबांना सगळं सांगणार आहे. तुझं नाव न घेता कसं सांगायचं, ते मात्र कळत नाही."

"घ्या की," ती डोळे पुसत म्हणाली. "निदान त्यासाठी तरी घ्या. आणि मी येणार आहे बरोबर. माझं मी सांगीन."

६

शुक्रवारी सकाळी टेम्पोतून लाल क्रेटांबरोबर हळदीची पोती उतरली. बुश पिवळेधमक झाले होते. कामगारांनी ते पुसून घेतले, हात पिवळे करून घेतले, हळद लागली रे म्हणून एकमेकांची चेष्टा केली. लाइन एक क्षणही थांबली नाही.

केबिनमध्ये शंभूराज होते, सई होती. दाराशी टोपी हातात घेऊन लियाकत उभा होता.

"भरलेला माल कधीच चोरीला गेला नाही, साहेब," चिंतामणराव म्हणाले. "आसिफनं आलेला प्रत्येक क्रेट भरला. कमी यायचे ते रिकामे, आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच जास्त यायचे. खंडाळा ते सांगली रिकामे क्रेट गाडीतून एकाच ठिकाणी उतरतात. धुण्याला, लोणंदला. भरलेल्याला आपण सील लावतो, रिकाम्याकडे ढुंकून बघत नाही. आणि शेवटचा पुरावा," ते जरा थांबले, "माझ्या स्वयंपाकघरात टांगलेला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे मी," विनोदिनी पुढं झाली. "मी अडवले. लियाकतभाऊंनी विचारलं होतं, मी त्यांना दटावलं. कारण सांगायची मला लाज वाटते, पण सांगते." आणि तिनं सांगितलं. सगळं, मिशांच्या कलपासकट.

शंभूराज छताकडे बघू लागले. सई आधी लाल झाली, मग तिच्या तोंडून हसूच फुटलं.

"काकू, सरांनी आठ महिन्यांत मला एकदासुद्धा चहा विचारला नाही. पहिल्या दिवशी मला बसायला खुर्ची दिली ती मोडकी होती. मला वाटायचं, माझं असं काय चुकलं की हे माझ्याशी धड बोलतसुद्धा नाहीत?"

विनोदिनीनं नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरची लाज तिला ओळखीची होती आणि ती खरी होती. तिच्या छातीवरचं ओझं तिथं उतरलं.

निकाल असा झाला. योजना राहिली, सई राहिली. धुण्याचं काम गटाकडेच राहिलं, कारण सईनंच तसं म्हटलं. मात्र परतीचे रिकामे क्रेट भरलेल्यांसारखेच मोजून चढवायचे, आणि दोन दिवसांचे जादा बुश जवळ ठेवायचे. "एवढीशी शिल्लक हवीच होती, सर, तुमचं त्यात बरोबर होतं," सई चिंतामणरावांना म्हणाली. गोदाम शंभूराजांनी दुसऱ्याला भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि किल्ल्या मागून घेतल्या. जुडगा टेबलावर ठेवण्याआधी चिंतामणरावांनी त्यातल्या किल्ल्या एकदा मोजल्या. जाताना शंभूराज कुणाशी तरी फोनवर म्हणत होते, "आमची सई..." जळजळ अशी एका दिवसात जाते होय!

रात्री पानावर श्रीखंड होतंच. टांगलेला चक्का काही वाया घालवायचा नव्हता. चिंतामणराव मुकाट्यानं जेवले. आज कुणाचंच पुराण नव्हतं. वाटी संपली तशी त्यांनी ती नेहमीसारखी पुढं सरकवली.

विनोदिनी हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"वाढतेस ना?"

"नुसती रिकामी वाटी पुढं करून आता या घरात काही मिळायचं नाही."

चिंतामणरावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही बघून झालं. घसा खाकरला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पंगत नाही, अडवायला कुणी नाही, आणि कान मात्र तापलेले.

"विनोदिनी," ते म्हणाले.

तिनं वाटी उचलली, पळी श्रीखंडात बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

"परत," ती म्हणाली.